आजोबांचं नाव ठेवताना

घराण्यातलं जुनं नाव बाळाला ठेवायचं मनात असेल तर जरूर ठेवा, मी त्याच बाजूची आहे. पण बारशाचा पाळणा सजवण्याआधी घरातली ट्रंक उघडा आणि ते नाव ज्यांचं होतं त्यांचे कागद एकदा नीट वाचा. आमच्या घरी या नावांनी दोन पिढ्यांना ताप दिला आहे, म्हणून सांगते.

आमचं गाव चाकणच्या बाजूला. देहू आणि आळंदी दोन्ही जवळ, त्यामुळे ज्ञानोबा, तुकाराम, सोपान, निवृत्ती ही नावं इथे घरोघरी. आमच्याकडे ज्ञानोबा आणि सखाराम ही दोन नावं आलटून पालटून चालत आली. आजोबा गेले की त्यांचं नाव नातवाला, ही रीत. रीत जुनी आहे आणि मोठ्या घरांतही होती. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. चिंचवडला मोरया गोसावींच्या वंशात चिंतामणी आणि नारायण ही नावं पुन्हा पुन्हा येतात. पण पेशव्यांचे दोन बाळाजी वडिलांच्या नावावरून वेगळे ओळखू येतात. आमच्याकडे दोनच नावं फिरत राहिली, म्हणून माझे आजोबा ज्ञानोबा सखाराम आणि त्यांचे आजोबाही ज्ञानोबा सखाराम. आडनाव एकच, गाव एकच, जमीनही तीच.

शेती होती तोवर हे कुणाला नडलं नाही. एमआयडीसीसाठी जमिनी संपादनात गेल्या, मोबदल्यासाठी कागद लावायची वेळ आली, तेव्हा नडलं. एका गटाच्या सातबाऱ्यावर ‘गेनू सखाराम’, दुसऱ्यावर ‘ज्ञानू सखाराम’, आठ-अवर ‘ज्ञानोबा’. गावात आजोबांना गेनू म्हणत, कुणीतरी तेच लिहून घेतलं असणार. जुन्या फेरफारातला ज्ञानोबा म्हणजे आजोबा की त्यांचे आजोबा, हे कचेरीत कुणाला पटवायचं? वारसनोंद रखडली. तिन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र झालं, कोतवाल बुकातल्या मृत्यूच्या नोंदी शोधून झाल्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब झाले. वडील त्या फेऱ्यांतच थकले, पुढचं काम भावाने निस्तरलं. पैसे मिळाले, पण शेजारच्यांनी नवी जमीन घेऊन टाकल्यावर कितीतरी उशिरा. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दप्तरं उघडणाऱ्या कितीतरी घरांना हाच अनुभव आला असेल. पणजोबा एका कागदावर एका नावाने भेटतात, दुसऱ्यावर दुसऱ्याच.

म्हणून पुतण्याने बाळाचं नाव ज्ञानोबा ठेवायचं म्हटलं, तेव्हा मला आनंद झाला आणि काळजीही वाटली. मी नोकरी शाळेच्या कार्यालयात केली, मुलांचे दाखले आणि जनरल रजिस्टर हाच माझा संसार होता. शाळेत नाव एकदा चुकीचं चढलं की ते मुलाच्या मागे दहावीपर्यंत आणि पुढे नोकरीपर्यंत जातं, हे मी पाहिलेलं आहे.

‘मुलं चिडवतील’ ही भीती पुतण्याच्या सासरकडून आली. मी त्यांना सांगितलं, चिडवायला मुलांना कुठलंही नाव पुरतं. एकाच वर्गात तीन आरव आणि दोन विहान असले की बाई आडनावाच्या अक्षराने हाका मारतात, तिथे ज्ञानोबा एकटाच असेल. मात्र धोंडू, दगडू, केरू, भिकू या नावांचं वेगळं आहे. मुलं जगत नसत, म्हणून दृष्ट लागू नये, देवाने याला तरी ठेवावं, या आशेने आईबापांनी ती ठेवली. धोंडो केशव कर्व्यांमुळे त्यातलं एक नाव साऱ्या देशाला ठाऊक झालं. असं नाव घराण्यात असेल आणि ठेवायचंच असेल, तर त्यामागचं दुःख मुलाला घरीच, शाळेत जाण्याआधी समजावून सांगा. ते सांगायची तयारी नसेल तर ठेवू नका.

खरी अडचण इंग्रजी अक्षरांची. चाकणच्या कारखान्यांत उत्तरेकडची माणसं पुष्कळ, ती ‘ज्ञ’चा उच्चार ‘ग्य’ करतात आणि लिहितात जी-वाय. आपण लिहितो डी-एन-वाय. आधार केंद्रावर इंग्रजीत नाव टंकलं की संगणक स्वतःच त्याचं मराठी करून ठेवतो, कधी असं तर कधी तसं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. तेव्हा इंग्रजी स्पेलिंग घरात बसून आधी ठरवा, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि प्रत्येक खिडकीवर तोच कागद पुढे करा. शेवटी ‘बा’ जोडून लिहायचं की सोडून, हेसुद्धा तेव्हाच ठरवा.

दुसरी गोष्ट हाकेच्या नावाची. सासऱ्याचं नाव सुना घेत नसत. माझ्या आईने तर ज्ञानेश्वरी कपाटातून काढतानाही ‘ती पोथी’ म्हटलं, नाव उच्चारलं नाही. अशा घरात नातवाला त्याच नावाने ओरडणं कुणाला जमत नाही, मग आबा, बाबा, तात्या सुरू होतं. होऊ दे, त्यात माया आहे. पण ते नाव उंबऱ्याच्या आत ठेवा. टिळकांचं जन्मनाव केशव, पण घरातलं ‘बाळ’ हेच जगात राहिलं. त्यांचं निभावलं, आपलं निभावेलच असं नाही. लसीकरणाचं कार्ड असो की अंगणवाडीचं रजिस्टर, सगळीकडे पूर्ण नावच लिहायला लावा.

आता कायद्याचं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, नावाची घाई मात्र नाही. नावाचा रकाना मोकळा ठेवून नोंद होते आणि १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क चढवता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. बाराव्या दिवशी सगळ्यांच्या घाईत ठरलेलं नाव त्याच आठवड्यात दाखल्यावर नेण्याची गरज नाही. नोंद जिथे बाळ जन्मलं तिथे होते, तुम्ही राहता तिथे नाही. बाळंतपण चिंचवडच्या दवाखान्यात झालं तर पिंपरी-चिंचवड महापालिकेत, चाकणला झालं तर तिथल्या नगरपरिषदेत, लातूरला माहेरी झालं तर लातूरला. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि नाव चढवायला पुन्हा तिथेच जावं लागतं, हे पुष्कळांच्या उशिरा लक्षात येतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, वाहन परवाना या सगळ्यांना जन्मदाखला हाच मुख्य आधार धरला जातो. त्यामुळे या एका कागदाकडे पूर्वीपेक्षा जास्त लक्ष द्या.

आमच्यासारख्या घरांना दिलासा देणारी एक गोष्टही झाली आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आला. आमच्या दोन ज्ञानोबा सखारामांच्या मध्ये त्यांच्या आयांची नावं असती, तर फेरफारातला कोणता ज्ञानोबा हे कचेरीत एका ओळीत कळलं असतं. त्या बायकांची नावं आज आमच्या घरात कुणालाही सांगता येत नाहीत, याचं मला मोबदल्याच्या उशिरापेक्षा जास्त वाईट वाटतं. म्हणून आजोबांचं नाव ठेवणार असाल तर बाळाच्या आईला आधी विचारा, ते तिलाही मनापासून हवं असू दे. तिचं नाव आता त्या नावाला कायमचं लागून राहणार आहे, तेव्हा तिच्या नावाचं स्पेलिंगही तिच्या आधारप्रमाणेच द्या. दाखला हातात आला की खिडकीपासून दूर जाऊ नका. चारही नावं मराठीतून आणि इंग्रजीतून अक्षर अक्षर मोठ्याने वाचा, चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज तिथेच, त्याच दिवशी द्या.