धुरळा रुमालानं थांबत नाही

सोयाबीनचा हंगाम आला की आमच्या देऊळगाव राजा भागात मळणीचा हडंबा रात्रीही बंद होत नाही. आठ वर्षं मी स्वतः हडंब्याच्या तोंडाशी उभा राहिलो. पुढून कुटाराचा धुरळा, मागून ट्रॅक्टरचा धूर. तोंडाला रुमाल गुंडाळला की काळजी मिटली, असं वाटायचं. रात्री डोकं ठणकायचं, ते पित्तावर ढकलायचो. बीपीची गोळी तर हंगामात हटकून राहायची.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी डाव्या हातातून चहाची बशी सुटली. घरची म्हणाली, "अहो, तोंड वाकडं काहून दिसतंय?" जागरण झालंय म्हणत मी आडवा झालो. कुणी तळपायाला तेल चोळलं, कुणी लिंबूपाणी पाजलं. जालन्याला पोचेपर्यंत सहा तास उलटले होते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आजही डाव्या हातानं शर्टाचं बटण लागत नाही.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एकट्या धुळीवर बोट ठेवता येणार नाही, मूळ बीपीच; पण खराब हवा पक्षाघाताचा धोका वाढवते. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसातून रक्तात उतरतात, रक्तवाहिन्यांना सूज आणतात, गुठळी व्हायला वाट करून देतात. काही अतिसूक्ष्म कण नाकातल्या गंधाच्या नसेवाटे मेंदूपर्यंतही जाऊ शकतात. २०२० साली 'लॅन्सेट'च्या आयोगानं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत प्रदूषित हवा धरली. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, आपल्याकडची ४०. शेजारचं जालना तर हवेची मानकं न पाळू शकणाऱ्या शहरांच्या सरकारी यादीत आहे.

म्हणून हडंबा लावतानाच वारा बघा, धुरळा माणसांपासून लांब उडाला पाहिजे. रुमाल जाड धूळ अडवतो, बारीक नाही. एन-९५ मास्क घ्या आणि नाकावर घट्ट बसवा. अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडा. काडीकचरा पेटवू नका. लेकरं आणि म्हातारी माणसं खळ्यापासून दूरच बरी.

आणि कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर तेल नको, पाणी नको, घरची गोळीही नको. किती वाजले ते बघा, १०८ ला फोन लावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.