असाध्य ठरविलेला रोगी

आयुर्वेदाने रोगांचे साध्य, कष्टसाध्य, याप्य आणि असाध्य असे प्रकार मानले आहेत. युद्धभूमीवरील शल्यचिकित्सकही जखमींचे तीन गट पाडतात: उपचारांवाचून तगणारे, उपचार मिळाल्यास वाचणारे आणि उपचार करूनही न वाचणारे. यालाच आपण ट्रायेज म्हणतो. १९६७ साली विल्यम आणि पॉल पॅडॉक या अमेरिकन बंधूंनी ‘फॅमिन १९७५!’ या पुस्तकात हीच पद्धत उपाशी राष्ट्रांना लावली. धान्याची मदत मर्यादित आहे, तेव्हा ती वाचू शकणाऱ्यांनाच द्यावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्या यादीत पाकिस्तान मदतीस पात्र ठरला. भारत मात्र असाध्य ठरला. त्या निर्णयाला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. तो कोठे चुकला आणि कोठे चुकला नाही, हे तपासणे आपणा वैद्यकीय व्यावसायिकांना उद्बोधक ठरेल, असे मला वाटते.

हे भाकीत अगदीच निराधार नव्हते. लोकसंख्या भूमितिश्रेणीने वाढते आणि अन्न गणितश्रेणीने, हा थॉमस माल्थस यांनी १७९८ मध्ये मांडलेला सिद्धांत त्यामागे होता. लक्षणेही गंभीर होती. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला, बिहारमध्ये दुष्काळ पडला आणि देश पी. एल. ४८० कायद्यान्वये येणाऱ्या अमेरिकन गव्हावर विसंबून राहिला. १९६८ मध्ये पॉल अर्लिक यांनी ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ या ग्रंथातून १९७० च्या दशकात कोट्यवधी माणसे भुकेने मरतील, असे बजावले.

प्रत्यक्षात काय घडले? १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले. नॉर्मन बोरलॉग यांचे वाण, एम. एस. स्वामिनाथन यांचे संशोधन आणि कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांचे धोरण एकत्र आले. त्यास पाणी, खत आणि हमीभावाची जोड मिळाली. १९६४-६५ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख टन असलेले गव्हाचे उत्पादन १९७०-७१ मध्ये सुमारे २ कोटी ३८ लाख टनांवर गेले. रोग्याने उपचारांना प्रतिसाद दिला होता.

भुकेचे कारणही केवळ धान्यटंचाई नव्हते. १९७४ मध्ये बांगलादेशात दुष्काळ पडला, त्या वर्षी तेथील दरडोई धान्य आसपासच्या वर्षांहून कमी नव्हते. मजुरांची क्रयशक्ती बुडाली होती, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. याउलट, महाराष्ट्रात १९७२ च्या भीषण दुष्काळात पिके करपली, परंतु दुष्काळी कामांवर लाखो हातांना मजुरी मिळाली आणि मोठी प्राणहानी टळली.

जन्मदराचे अनुमानही असेच फसले. १९५० च्या दशकात भारतीय स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास अपत्ये होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ही संख्या २.० वर आली. १९७१ मध्ये हजारी १२९ असलेला अर्भकमृत्युदर २०२० मध्ये २८ झाला. जन्मलेले मूल जगेल ही खात्री, मुलींचे शिक्षण आणि साधनांची उपलब्धता यांनी हे साधले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा त्यांच्यापुढे स्त्रीचे आरोग्य आणि सुख हे ध्येय होते. काळाने त्यांचीच दृष्टी खरी ठरविली.

भाकितातील भीतीने मात्र अपाय केला. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. कित्येक ठिकाणी सक्तीने. शस्त्रक्रियेशी निगडित १,७७४ मृत्यूंची नोंद शहा आयोगाने केली. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. त्या शिबिरांतील शस्त्रे आपल्याच व्यवसायबंधूंच्या हाती होती, हे आपण विसरू नये. राष्ट्र मरणपंथाला लागले आहे, असे एकदा गृहीत धरले की समोरच्या माणसाची संमती क्षुल्लक वाटू लागते.

तथापि, माल्थसवादी हरले म्हणून निर्धास्त होणेही योग्य नाही. १९८० मध्ये अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी अर्लिक यांच्याशी पाच धातूंच्या किमतींवर पैज लावली. १९९० मध्ये महागाई वजा जाता पाचही धातू स्वस्त झालेले आढळले आणि अर्लिक यांना सुमारे ५७६ डॉलरचा धनादेश पाठवावा लागला. परंतु ही दहा वर्षे सोडून दुसरी अनेक दशके निवडली असती, तर निकाल उलट लागला असता. रक्तदाब एकदाच मोजून प्रकृतीचा निर्वाळा देऊ नये, हे आपण जाणतोच. शिवाय ज्याला बाजारात भाव नाही, त्याची झीज अशा पैजेत दिसत नाही. ज्या पंजाबने देशाला तारले, तेथे पुनर्भरणाहून अधिक भूजल दरवर्षी उपसले जाते. हवेतील कार्बन डायऑक्साइड औद्योगिक युगापूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० होता. आज तो ४२० च्या वर आहे. कोठारे भरली असूनही पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के भारतीय बालके वयाच्या मानाने खुजी आहेत.

म्हणून माझ्या मते योग्य संज्ञा आहे ‘याप्य’: पथ्य आणि उपचार चालू आहेत तोवर आटोक्यात राहणारा, ते सोडताच बळावणारा विकार. पॅडॉक बंधूंनी रोगाची लक्षणे ओळखली, पण रोग्याचे बळ आणि वैद्याचे कर्तृत्व जमेस धरले नाही. उद्या पाण्याविषयी वा हवामानाविषयी कोणी भाकीत केले, तर ते इशारा म्हणून अवश्य ऐकावे, पुरावा मागावा आणि उपचारांस लागावे. मात्र कोणत्याही रोग्याच्या कपाळी ‘असाध्य’ असे लिहिण्यापूर्वी, त्याला पुरेसे उपचार मिळाले आहेत काय, एवढे आपण स्वतःस विचारावे.