ओव्या, मोबाइल आणि संगणक : जतनाचा एक विचार

गेल्या दोन वर्षांत आमच्या मराठी विभागातील विद्यार्थ्यांनी लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी नेवासे, शेवगाव आणि पाथर्डी या तालुक्यांतील खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. वह्या नेल्या होत्या, पण आजी एकदा गाऊ लागली की लिहिणाऱ्याचा हात पुरा पडत नाही. त्यामुळे बहुतेक काम मोबाइलवरील ध्वनिमुद्रणावरच झाले. आज या ओव्या कोठे आहेत असे कोणी विचारले, तर त्या पंधरा-वीस जणांच्या खिशांत आहेत, असेच उत्तर द्यावे लागेल. फोन हरवतो, पाण्यात पडतो, नवा घेतला की जुना दुकानदाराला दिला जातो. ओव्या सांगणाऱ्या दोन आजी या वर्षात वारल्या. त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन ‘आजी, तेवढं परत म्हणा’ असे आता म्हणता येणार नाही. म्हणून मोबाइलमधील सामग्री संगणकावर नेऊन राखायची कशी, हा प्रश्न मला विज्ञानशाखेइतकाच आपल्या कलाशाखेचाही वाटतो.

प्रथम तीन शब्दांची फोड केली पाहिजे, कारण बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो. एक नक्कल, म्हणजे कॉपी. दुसरा मेळ, ज्याला सर्वत्र सिंक म्हणतात. तिसरी राखीव प्रत, म्हणजे बॅकअप. नक्कल ही एका क्षणाची असते. पुढे मुळात काय झाले याच्याशी तिचा संबंध उरत नाही. मेळ याच्या उलट असतो. दोन ठिकाणची सामग्री सारखी ठेवणे हे त्याचे काम. येथे काही घातले तर तेथे जाते, आणि येथून काही पुसले तर तेथूनही पुसले जाते! राखीव प्रत म्हणजे मूळ गेले किंवा बिघडले तरी परत आणता यावे म्हणून मुद्दाम वेगळी ठेवलेली नक्कल. ‘माझं सगळं गूगलवर आहे’ असे म्हणून निर्धास्त असणारे अनेकजण मेळालाच राखीव प्रत समजत असतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना फोनवरून एखादे छायाचित्र पुसले, तर ते वरच्या साठ्यातूनही जाते. कचऱ्याच्या टोपलीत ६० दिवस राहते आणि मग कायमचे नाहीसे होते. शिवाय ही सोय छायाचित्रे आणि चित्रफिती यांच्यापुरती आहे. ओव्यांच्या आवाजाच्या फाइली त्यात जातच नाहीत, ही गोष्ट आमच्या गटातील निम्म्याहून अधिक जणांना ठाऊक नव्हती.

मेळ आणि राखण यांतला हा भेद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. नेवाशात प्रवरेच्या काठी शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्ञानेश्वरांनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, अशी परंपरा आहे. पुढे नकला होत गेल्या. नक्कलकाराची नजर चुकली, कोणाला एखादा शब्द कळेना म्हणून त्याने सोपा घातला, कोणी स्वतःची ओवीही घुसडली. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा मधे जवळजवळ तीनशे वर्षे गेली होती. एकनाथांसमोरचे काम मेळ घालण्याचेच होते. पण संगणक मेळ कसा घालतो? दोन फाइली वेगळ्या दिसल्या तर बहुधा ज्या फाइलीची तारीख नवी ती खरी मानतो. एकनाथांना हा नियम लावता आला नसता. पोथीच्या बाबतीत प्रत जितकी नवी तितकी चुकांची भर अधिक, असाच संभव जास्त. त्यांना विवेकाने निवड करावी लागली, आणि यापुढे कोणी आपली ओवी यात मिसळू नये असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला.

लीळाचरित्राची कथा याहून कठीण. म्हाइंभटांनी फिरून फिरून, ज्याला जे आठवते ते विचारून चक्रधरांच्या लीळा जमवल्या. खलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ ग्रंथ नाहीसा झाला आणि मग शिष्यांनी तो आठवणीतून पुन्हा उभा केला, असे महानुभाव परंपरा सांगते. आज जे पाठभेद दिसतात त्यांचे एक मूळ येथे आहे. त्या मंडळींची स्मृती दांडगी होती म्हणून निभावले. आपण तर घरच्यांचे फोननंबरसुद्धा पाठ ठेवत नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. अँड्रॉइड फोन तारेने संगणकाला जोडला की पुष्कळदा तो नुसता चार्ज होऊ लागतो आणि संगणकावर काहीच दिसत नाही. याची कारणे दोन. साध्या यूएसबी तारेत चार धागे असतात : दोन विजेसाठी, दोन माहितीसाठी. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही तारांत माहितीचे दोन धागे घातलेलेच नसतात. तेव्हा आधी तार बदलून पाहावी. दुसरे कारण फोनचेच. सुरक्षिततेसाठी तो आपणहोऊन दार उघडत नाही. पडद्यावरची सूचना खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडावा लागतो. फोनला कुलूप असेल तर तेही काढावे लागते. आयफोनचा मामला निराळा. विंडोजच्या संगणकाला तो जोडला तर त्यातील छायाचित्रे आणि चित्रफिती तेवढ्या समोर येतात. ध्वनिमुद्रणे शेअर करून बाहेर काढावी लागतात.

जोडणी झाल्यावर ध्वनिमुद्रणांचा फोल्डर शोधावा. तो प्रत्येक कंपनीच्या फोनात वेगळ्या नावाचा असतो. नुकतेच मुद्रित केलेले काही वेळा यादीत दिसत नाही. घाबरू नये, फोन एकदा बंद करून चालू केला की बहुधा दिसते. फाइली ‘कॉपी’ कराव्यात, ‘कट’ कधीही करू नयेत. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही आणि अर्ध्यावर तुटलेली हलवाहलव निस्तरणे कठीण. नक्कल झाली की दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा. मग तीन-चार फाइली उघडून शेवटपर्यंत ऐकाव्यात. हे ऐकणे कंटाळवाणे आहे, पण न तपासलेली राखीव प्रत आहे की नाही हे सांगता येत नाही.

येथे एक अडचण मोकळेपणाने मांडली पाहिजे. आमच्या गटातील मुलींनी महाविद्यालयाच्या किंवा सायबर कॅफेच्या संगणकाला फोन जोडायला नकार दिला, आणि तो मला योग्य वाटतो. फाइल ट्रान्सफरचे दार उघडले की ओव्यांबरोबर घरची छायाचित्रेही त्या संगणकापुढे उघडी पडतात. त्यावर आम्ही दोन्ही बाजूंनी लावता येणारा पेनड्राइव्ह आणला. तो थेट फोनला लावून फक्त ओव्यांचा फोल्डर त्यावर घ्यायचा आणि पेनड्राइव्ह तेवढा संगणकाला द्यायचा. काहींनी व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवण्याचा मार्ग धरला. तो सोपा खरा, पण तेथे आवाजाची फाइल ध्वनी म्हणून पाठवली तर तिचे नाव बदलून त्या दिवसाची तारीख आणि क्रमांक पडतो. गाव गेले, गाणारी गेली. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास नाव टिकते.

किती जागा लागेल, ही भीती पुष्कळांना असते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडीच्या बायकांकडून ओव्या मिळवण्याचे जे प्रचंड काम केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांना संगणकीय रूप देण्यात हात दिला आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. सीडीच्या दर्जाचा आवाज तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेतो, म्हणजे १२० तासांना ७६ गिगाबाइट. आज एका साध्या हार्डडिस्कच्या कोपऱ्यात बसेल एवढेच. मोबाइलमधला दाबलेला आवाज तर त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी जागा घेतो. त्या संग्रहाची ध्वनिमुद्रणे गुरुग्रामच्या संगीत-अभिलेखागारातही ठेवली गेली आणि २०१७ पासून ‘पारी’ने त्या ओव्या लोकांपुढे आणल्या. एक ठेवा, अनेक जागा. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियमही हाच : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दूरच्या ठिकाणी. आमच्यासाठी तो असा बसतो : एक प्रत विभागाच्या संगणकावर, एक हार्डडिस्कवर आणि ती हार्डडिस्क ग्रंथालयाच्या कपाटात, एक ऑनलाइन साठ्यात. हार्डडिस्क काम झाले की काढून ठेवावी. सतत जोडलेली असली तर संगणकाला लागलेला व्हायरस तिलाही लागतो.

राहिला नावांचा प्रश्न. फोन फाइलीला ‘रेकॉर्डिंग १७’ असे काहीतरी नाव देतो, ते दोन वर्षांनी कोणालाच कळणार नाही. तारीख, तालुका, गाव आणि अनुक्रमांक असे नाव आम्ही ठरवले. जिल्ह्याचे नाव मुद्दाम घातले नाही. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, आणि त्यामुळे एकाच गावच्या फाइली दोन नावांखाली विखुरतात. गाणाऱ्या आजींची नावे, वय, माहेर आणि त्यांची संमती यांची नोंद वेगळ्या वहीत केली आहे. वहीचीही छायाप्रत काढायची आहे. एकच ओवी दोन गावांत थोड्या फरकाने मिळाली, तर जागा वाचवायला त्यांतली एक काढून टाकावी अशी सूचना एका मित्राने केली होती. ती आम्ही मानली नाही. दोन्ही ठेवल्या आहेत, शेवगावची शेवगावच्या नावाने, पाथर्डीची पाथर्डीच्या.