बादलीतून नदीत

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने मुठेच्या काठी जाऊन एक पुण्यकर्म उरकले. फिश टँकमधला सकर मासा नदीत सोडला. आणला तेव्हा तो बोटाएवढा होता. ‘काच साफ ठेवतो’ म्हणत दुकानदाराने गळ्यात मारलेला. बघता बघता वीतभर झाला, टँकमधली झाडे उपटू लागला. मारवेना, ठेववेना. बादली कलती केली, मासा दिसेनासा झाला आणि लेखक हलक्या मनाने घरी आला.

मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात जाते, हा शाळेतला भूगोल त्याला आठवला तो थेट उजनीकाठच्या भिगवणला, पक्षी बघायला गेल्यावर. काठावर एक मच्छीमार जाळ्यात गुंतलेला सकर सोडवत होता. या माशाचे अंग चिलखतासारखे टणक, परांना खरबरीत काटे. ओढला की जाळे फाटते. बाजारात त्याला कुणी विचारत नाही. पाण्याबाहेर तासन्‌तास तग धरतो, काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो. “कुठनं आली ही ब्याद?” मच्छीमार म्हणाला. लेखकाने दुर्बीण डोळ्यांना लावली.

सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो इथे हौसेपायी आला. आफ्रिकेतली चिलापी मात्र १९५२ साली भारतात मुद्दाम आणली गेली, स्वस्त मासळी मिळावी म्हणून. मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले वाचतात आणि तळी चिलापीने भरतात. उजनीकाठी आज तिच्यावर चुली पेटतात, हेही खरेच. (आपले रोहू-कटलासुद्धा गंगेकडचे पाहुणे.) पण एकदा धरणात पसरलेला मासा वेचून बाहेर काढणे कोणाच्याच हातात राहत नाही.

तेव्हा टँक घेणाऱ्याने रंग बघण्याआधी ‘हा केवढा होतो?’ हे विचारावे. नकोसा झालेला मासा दुकानात परत द्यावा, नाहीतर मोठा टँक असलेल्या ओळखीच्याकडे. संकष्टी-एकादशीचे पुण्य म्हणूनही तो तळ्यात सोडू नये. डासांसाठीचे गप्पी मासे बंद टाकीपुरतेच ठेवावेत, ओढ्यात नकोत. शेततळे करणाऱ्याने स्वस्त मत्स्यबीज दिसले की आधी जात खात्रीने विचारून घ्यावी. आफ्रिकी मांगूर पाळायला बंदी आहे, आणि पावसात तळे फुटले की तो नदीत गेलाच.

टँकमधली झाडे नाल्यात टाकू नयेत. जलपर्णीही या देशात शोभेची म्हणूनच आली होती. झाडे वाळवावीत, पाणी कुंड्यांना घालावे. तुळस झकास फोफावते.