घराबाहेरचा दिवा आणि त्याच्या तारा

उत्तर कोलकात्याच्या अरुंद गल्ल्यांत शंभर वर्षे उभे असलेले घर ही नवलाची गोष्ट नव्हे. रस्त्याला लागून बसण्याचा ओटा, वर लोखंडी कठड्याची गॅलरी आणि दरवाज्याच्या माथ्यावर लोखंडी दांड्याला लावलेला एक दिवा, असे त्या घरांचे सर्वसाधारण रूप असते. अशा घराची डागडुजी निघाली म्हणजे गिलावा, रंग, नळ, फरशी यांचा विचार अगोदर होतो. बाहेरचा दिवा रंगाऱ्याने उतरवून ठेवलेला असतो. तो पुन्हा चढवावयाचा, एवढेच काम उरले आहे असे समजले जाते. वस्तुतः साऱ्या घरात सर्वांत अधिक झीज याच दिव्याच्या तारांची झालेली असते, आणि त्यांच्यातील दोष दिवा उत्तम जळत असतानाही कायम राहू शकतो.

कोलकात्यात विजेच्या दिव्याचे पहिले प्रात्यक्षिक १८७९ साली झाले. १८९५ मध्ये बंगाल सरकारने विजेच्या दिव्यांसंबंधी कायदा केला, आणि १७ एप्रिल १८९९ रोजी प्रिन्सेप स्ट्रीटजवळच्या इमामबाग लेनमधील केंद्रात वीजनिर्मिती सुरू झाली. तो प्रवाह एकदिश होता. पुढे प्रत्यावर्ती प्रवाह आला, तरी शहराच्या काही भागांत स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ एकदिश पुरवठा चालू होता. त्या काळच्या घरांत सागवानी पन्हळीत तारा बसवून वर लाकडी झाकणपट्टी ठोकीत. तारांवर रबराचे आवरण आणि त्यावर सुताची वीण असे. रबर हवेने व उष्णतेने कडक होते, मग त्याला तडे जातात. दिव्याच्या होल्डरजवळ तर जुन्या तंतूच्या दिव्याच्या आचेने ते वर्षानुवर्षे भाजून निघालेले असते. तार हलविली नाही तोवर ते जागच्या जागी टिकते. रंगाऱ्याने दिवा उतरविताना ती वाकविली की आवरणाचा चुरा होऊन उघडे तांबे लोखंडी दांड्याला टेकते.

त्यात भर हवेची. कोलकात्यात वर्षाला दीड हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि जुन्या विटांच्या भिंतींना लोणा लागतो. बंगालीत याला ‘नोना’ म्हणतात. शब्द एकाच घराण्यातले दिसतात. कोरडी वीट विजेची वाहक नाही. परंतु क्षारांनी भरलेली ओली वीट थोडीबहुत वीज वाहून नेते.

आता तार दांड्याला टेकली आणि ओट्यावर अनवाणी उभ्या असलेल्या, पावसात भिजलेल्या माणसाने दांड्याला हात लावला, तर काय होईल? घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर शरीरातून वाहणारा प्रवाह ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर होतो. सुमारे १० मिलिअँपिअरलाच स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडविता येईनाशी होते, आणि ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. उलट दिव्याच्या मंडलातील वितळतार, जिला सर्वजण फ्यूज म्हणतात, ती असते ५ अँपिअरची. या प्रवाहाच्या वीसपटींहून अधिक प्रवाह ती निमूटपणे वाहून नेते. ती माणसाच्या रक्षणासाठी नाहीच. तार तापून घर पेटू नये, एवढेच तिचे काम.

माणसाचे रक्षण भूसंपर्क तार करते. दिव्याचा धातूचा भाग या तारेने जमिनीशी जोडलेला असला व त्या वाटेचा रोध ५ ओहम असला, तर दोष उद्भवताच ४६ अँपिअर प्रवाह वाहतो आणि वितळतार तत्काळ तुटते. जुन्या घरांत बहुधा दोनच तारा दिव्यापर्यंत जातात. ही तिसरी नसतेच. जेथे होती, तेथे ती पुष्कळदा पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली असे. येथे डागडुजीच नवे संकट आणते. नळ बदलणारा कारागीर लोखंडी नळ काढून प्लॅस्टिकचा बसवितो, आणि त्या क्षणी साऱ्या घराचा जमिनीशी असलेला संबंध तुटतो. दिवे पूर्वीसारखेच जळतात, पंखे फिरतात. कोणालाच काही कळत नाही. म्हणून नळाचे काम झाल्यावर भूसंपर्काची स्वतंत्र तपासणी झालीच पाहिजे. काही कारागीर भूसंपर्क तार नसल्यास दांडा तटस्थ तारेलाच जोडून देतात. ही युक्ती घातक आहे. तटस्थ तार वाटेत तुटली की दिव्यातून आलेला दाब थेट दांड्यावर येतो.

दुसरा दोष बटणाचा. बटण विद्युन्मय तारेत असावे, तटस्थ तारेत नव्हे. जुन्या कामांत मात्र ते चुकीच्या तारेत बसविलेले आढळते, आणि वितळतार दोन्ही तारांत घातलेली सापडते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी तटस्थ तारेत वितळतार किंवा एकेरी बटण घालण्यास मनाई केली होती. बटण तटस्थ तारेत असले की ते बंद करताच दिवा विझतो खरा, पण होल्डरमध्ये दाब तसाच राहतो. विझलेला दिवा बदलावयास शिडीवर चढलेल्या माणसाला याची कल्पना नसते. अलीकडच्या एलईडी दिव्यांमुळे हा दोष कधीकधी स्वतःच उघड होतो: बटण बंद असूनही दिवा रात्री मंद मिणमिणत राहतो. बटणात सूचक दिवा असल्यास किंवा लांब तारा शेजारून गेल्यासही असे घडते. तरी कारण शोधल्यावाचून राहू नये.

नवे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवावे. मुख्य स्विच बंद करून आणि तार निर्जीव असल्याची परीक्षा घेऊनच हात घालावा. जुनी तार जोड देऊन वाढविण्यापेक्षा बटणापासून दिव्यापर्यंत तीन नव्या तारा नळीतून ओढणे बरे: विद्युन्मय तार लाल, तटस्थ काळी, भूसंपर्काची हिरवी. तांब्याची व अ‍ॅल्युमिनियमची तार नुसती पीळ देऊन जोडू नये. ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते, जोड तापतो. भिंतीतून बाहेर येणाऱ्या नळीला बाहेरच्या बाजूस उतार ठेवावा, आणि तार दिव्यात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. दिवा बाहेरच्या उपयोगासाठी बनविलेला असावा. तो कितीही घट्ट असला तरी रात्री गार झाल्यावर आत दव साचतेच; म्हणून पुष्कळ दिव्यांना तळाशी निचऱ्याचे बारीक छिद्र ठेवलेले असते. रंगारी ते हमखास बुजवून टाकतात.

याखेरीज गळतीरक्षक बसवावा. जाणारा व परतणारा प्रवाह एकाच लोहवलयातून नेलेला असतो. दोन्ही समान असले की परिणाम शून्य. काही प्रवाह वाटेत जमिनीकडे गळला की समतोल बिघडून साधन मंडल तोडते. माणसांच्या रक्षणासाठी ते ३० मिलिअँपिअरचे घेतात. त्यावरील चाचणीची कळ महिन्यातून एकदा दाबून पाहावी.

शेवटी, पुरवठा जोडण्यापूर्वी तारांच्या आवरणाचा रोध मोजावा. १९५६ च्या नियमांत ५०० व्होल्टचा एकदिश दाब एक मिनिट देऊन तार व जमीन यांमधील रोध निदान १ मेगओहम भरावा, अशी अट होती. माप घेताना दिवा काढलेला आणि बटण चालू असावे. बटण बंद राहिले तर त्याच्या पलीकडची, म्हणजे नेमकी पावसात भिजणारी तार मोजमापाबाहेर राहते.