परसबाग : पहिला हंगाम पालेभाजीचा

तपासणीच्या टेबलावर बसलेल्या बाईची खालची पापणी ओढून पाहिली, की निम्मे निदान तिथेच होते. जिथे लाली असायला हवी तिथे फिकट, कधी कधी पांढराच रंग दिसतो. तक्रारी ठरलेल्या असतात. पाणी भरताना दम लागतो, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटऱ्या ओढतात, कामाला उभारी वाटत नाही. मागणीही ठरलेली असते. "डॉक्टरसाहेब, ताकदीचं एखादं टॉनिक द्या, नाहीतर एक सलाईन तरी लावा." सलाईनच्या बाटलीत बहुतेक वेळा मीठ-साखरेचे पाणी असते, त्याने रक्त वाढत नाही, हे आम्ही रोज सांगतो आणि रोज ते कोणालाच पटत नाही.

हा आजार म्हणजे रक्तपांढरी, म्हणजेच ॲनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तपांढरी आढळली होती. २०१९-२१ च्या फेरीत हा आकडा ५४ टक्क्यांवर गेला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत तो जवळजवळ ६९ टक्के होता. घरात टीव्ही आला, मोटारसायकल आली, पण बाईच्या अंगातले रक्त वाढले नाही.

पालेभाजी किती वेळा खाता, असे विचारले तर उत्तर येते, "बाजाराच्या दिवशी." आठवडी बाजारातून आणलेली मेथी दुसऱ्या दिवशी सुकते, तिसऱ्या दिवशी पिवळी पडते. मग उरलेला आठवडा बटाटा, बेसन आणि शेंगदाण्याची चटणी. म्हणून वाचकहो, या आठवड्यात टॉनिकऐवजी परसबागेविषयी लिहीत आहे. हा लेख शेतकऱ्यांसाठी नाही. डॉक्टर शेती शिकवायला निघाला तर ते हसतील, आणि ते योग्यच होईल. ज्यांच्या घरामागे न्हाणीजवळ किंवा कुंपणाच्या आत थोडी मोकळी जागा आहे आणि ज्यांनी अजून खुरपे हातात धरलेले नाही, अशा गावातील नोकरदार, दुकानदार, पेन्शनर मंडळींसाठी तो आहे.

नवशिक्याने सुरुवात पावसाळ्यात करू नये, दसरा-दिवाळीच्या सुमारास करावी. पावसाळ्यात आपल्या काळ्या चिकट जमिनीत पाणी साचते, तण माजते आणि किडीचा जोर असतो. उन्हाळ्यात पाणी नसते, त्याविषयी बीड जिल्ह्यात जास्त सांगण्याची गरज नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत मात्र विहिरी-बोअरला थोडेफार पाणी असते, ऊन सौम्य असते आणि मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा ही मंडळी जवळजवळ आपोआप येतात.

जागा किती हवी? दहा फूट लांब, दहा फूट रुंद पुरे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेवढ्याला हात घातला तर पहिल्या महिन्यातच कंबर धरते आणि बाग तणात जाते. या शंभर चौरस फुटांत तीन फूट रुंद, सहा फूट लांब असे चार वाफे बसतात, मध्ये चालायला वाटही उरते. वाफा तीन फुटांपेक्षा रुंद करू नये, म्हणजे कडेला बसून मधल्या तणापर्यंत हात पोहोचतो. कंबरदुखी आणि गुडघेदुखीच्या रुग्णांनी वाकून काम न करता पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसून खुरपावे. जागेवर दिवसातून पाच-सहा तास तरी ऊन पडले पाहिजे. कडुनिंबाच्या गर्द सावलीत पालेभाजी नुसतीच उंच आणि लेची वाढते.

माती कुदळीने वीतभर खोल उकरावी, ढेकळे फोडावीत आणि दर वाफ्याला दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कुजलेले खत काळे, भुसभुशीत असते आणि त्याला शेणाचा वास येत नाही. ताजे शेण घालू नये. त्याने हुमणीची अळी होते, मुळे करपतात आणि रोगजंतूही पानांपर्यंत पोहोचतात.

बियाण्यासाठी मेथ्या आणि धणे किराणा दुकानातलेही चालतात. धणे हलकेच रगडून दोन फाकी कराव्यात, नाहीतर उगवण कमी होते. वितीच्या अंतरावर ओळी पाडून बोटाच्या एका पेरापेक्षा कमी खोल बी टाकावे, वर बारीक माती लोटावी. मेथी चार-पाच दिवसांत वर येते आणि महिनाभरात काढता येते. कोथिंबीर उगवायलाच आठ-दहा दिवस घेते. बी वाया गेले असे समजून अनेक जण चौथ्या दिवशी वाफा उकरून पाहतात, तसे करू नये. पालक सर्वांत उपकारी. पहिला तोडा महिन्या-सव्वा महिन्यात निघतो आणि मुळासकट न उपटता पाने कापून घेतली तर दर पंधरवड्याला पुन्हा मिळतो.

पहिल्या हंगामात टोमॅटो, वांगी, फ्लॉवर यांच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. त्यांची रोपे करा, लावा, आधार द्या, कीड सांभाळा, आणि फळ दिसायला अडीच-तीन महिने. नवशिक्याचा उत्साह तेवढा टिकत नाही. हौसेला कुंपणावर एखादा वालाचा वेल सोडावा.

चारही वाफे एकाच दिवशी पेरू नयेत. तसे केले तर एका आठवड्यात शेजाऱ्यांना वाटण्याइतकी भाजी आणि मग महिनाभर काही नाही. दर आठ-दहा दिवसांनी एकेक वाफा पेरावा. थोडा हिशोब करू. नीट वाढलेल्या अशा एका वाफ्यातून साधारण किलो-सव्वा किलो भाजी निघते. माणशी शंभर ग्रॅम धरली तर पाच माणसांच्या घराला एका वेळी अर्धा किलो लागते. म्हणजे चार वाफ्यांतून आठवड्याला दोन वेळा ताजी पालेभाजी. फार नाही, पण जिथे आठवड्याला एकदा होत होती तिथे बाजाराची धरून तीनदा होईल.

पाणी रोज सुमारे चाळीस लिटर, म्हणजे अडीच-तीन बादल्या लागते. न्हाणीचे आणि धुण्याभांड्यांचे सांडपाणी शेवगा, केळी, अळू यांच्या मुळाशी सोडावे. मुळा, कोथिंबीर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते घालू नये आणि शौचालयाचे पाणी तर कशालाच नाही. बागेसाठी भरून ठेवलेली पिंपे उघडी राहिली की त्यात डेंग्यूचा डास वाढतो. आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामे करून, घासून, कोरडे करावे. भाजीच्या नादात घरात डेंग्यू यायला नको.

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप, त्या रक्ताविषयी. पालेभाजीचा आणि रक्ताचा संबंध शोधण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना एक तीव्र रक्तपांढरी होत असे, तिचे कारण त्या शोधत होत्या. त्यांना आढळले, की दोष आहारात आहे आणि मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्काने या बायका बऱ्या होतात. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून त्याचे नाव पडले फॉलिक ॲसिड. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत तेच असते. हे द्रव्य उष्णतेने नाश पावते. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी, झाकण ठेवून थोडक्यात शिजवावी आणि शिजवलेले पाणी ओतून देऊ नये.

लोहाचे मात्र थोडे निराळे आहे. पालकात भरपूर लोह असते ही समजूत अर्धवट आहे. शंभर ग्रॅम पालकात साधारण तीन मिलिग्रॅम लोह असते, मेथीत त्याच्या जवळजवळ दुप्पट. प्रौढ स्त्रीची दिवसाची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. शिवाय भाजीतले लोह शरीरात थोडेच शोषले जाते, पालकातले तर ऑक्झलेटमुळे आणखी कमी. त्यावर उपाय स्वस्त आहे. ताटात वाढलेल्या भाजीवर लिंबू पिळावे, कारण 'क' जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तासभर तरी जाऊ द्यावा. पानांतल्या 'अ' जीवनसत्त्वासाठी तेलाची फोडणी हवीच, ती चैन नव्हे.

तेव्हा स्पष्ट सांगतो, रक्तपांढरी झालेल्या बाईने परसबाग आहे म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. गोळ्यांनी रक्त भरून येते, भाजीने ते पुन्हा घसरायचे कमी होते. मुतखड्याच्या रुग्णांनी पालक आणि चुका बेताने खावा. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी, तसेच हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे घरची बाई शेवटी जेवते. तोवर कढईत भाजीचा नुसता रस उरलेला असतो. वाफा तिने पेरायचा, पाणी तिने घालायचे, निवडायची तिने आणि खायची इतरांनी, असे झाले तर परसबागेने तिचे काम तेवढे वाढेल. भाजी उतरताच तिची वाटी आधी काढून ठेवावी. पाण्याच्या बादल्या घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी वाहाव्यात.

कीड येईलच. पानाखाली मावा दिसला की लोक शेतातल्या कपाशीच्या औषधाची उरलेली बाटली काढतात. हे कदापि करू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस जण दगावले. मोनोक्रोटोफॉस या औषधाच्या भाजीपाल्यावरील वापराला तर २००५ पासूनच बंदी आहे. परसातली भाजी आपण सकाळी तोडतो आणि दुपारी खातो, विष उतरायला मध्ये वेळच नसतो. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, थोडासा साबण घालून फवारावी. दुकानातून आणलेले गुलाबी किंवा निळ्या रंगाचे बी औषध लावलेले असते. ते हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि उरलेले बी स्वयंपाकघरात ठेवू नये. रंगीत धणे चुकून मसाल्यात वाटले जाऊ शकतात.

बागेत अनवाणी जाऊ नये, ओल्या घाणेरड्या मातीतून आकड्यांचे कृमी पायावाटे शिरतात आणि तेच रक्त पितात. खुरपे लागले तर धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. दाट वेलात हात घालण्याआधी काठीने हलवावे. आपल्याकडे घोणस, फुरसे, मण्यार सगळेच आहेत.

देशी बियाण्याची आवड असणाऱ्यांनी शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील राहीबाई पोपेरे यांचे काम पाहावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या या शाळा न शिकलेल्या बाईंनी गावरान भाज्यांच्या बियाण्यांची बँक उभी केली आणि अनेक घरांत परसबागा रुजवल्या. त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. अकोल्याच्या डोंगरात पाऊस आपल्यापेक्षा पुष्कळ पडतो हे खरे. आपल्या कोरड्या हवेसाठीचा सल्ला अंबाजोगाई आणि गेवराई तालुक्यातील खामगाव येथील कृषी विज्ञान केंद्रांतून घ्यावा.

आपल्या जिल्ह्यातील ऊसतोडीला जाणारी कुटुंबे नेमकी याच दिवसांत गाव सोडतात. त्यांना वाफे कसे जमणार? त्यांनी जूनच्या पावसात दाराशी एक शेवगा लावावा. एकदा मूळ धरले की तो थोड्या पाण्यावर तगतो, घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना पाला देतो. शेवग्याच्या कोवळ्या पाल्यात लोह पालकापेक्षा जास्त असते. मूठभर पाला वरणात किंवा पिठल्यात टाकला तरी चालतो.

वाफा पेरला त्याच आठवड्यात घरातल्या बाईचे हिमोग्लोबिन तपासून आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवावा. गरोदर नसलेल्या बाईचे १२ आणि गरोदर बाईचे ११ पेक्षा कमी नसावे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. गोळ्या नियमित घेऊनही आकडा हलला नाही, तर जंत, पाळीत जास्त रक्त जाणे, मूळव्याध यांची तपासणी करून घ्यावी. आणि पहिलाच आकडा आठच्या खाली असेल, तर भाजी उगवण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.