दुखत नाही, म्हणूनच दाखव

काल रात्री फोनवर तू सहज सांगून टाकलंस, "ताई, साखर निघाली गं. गोळी चालू केलीय. बाकी काही त्रास नाही." आणि लगेच लेकीच्या परीक्षेचं, भाताच्या लावणीचं बोलायला लागलीस. मी हो हो म्हणत राहिले, पण फोन ठेवल्यावर डोळ्याला डोळा लागला नाही. "बाकी काही त्रास नाही." आईही अगदी हेच म्हणायची.

तुला आईच्या पायाचं सगळं कधी सांगितलं नाही. तू तेव्हा बाळंतीण होतीस, म्हणून "छोटं ऑपरेशन झालं" एवढंच कळवलं. आज सांगते. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचा तिचा नेम तुला ठाऊक आहे. सातव्या माळेला सकाळी मला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले, देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत. माग काढत गेले तर आई ओट्याशी पुरण वाटत उभी. अंगठ्याच्या बुडाशी काचेचा तुकडा रुतलेला, आणि तिला पत्ता नाही! आम्ही काच काढून हळद दाबली. दुखत नव्हतं, म्हणून चार दिवस गेले. बोटं काळवंडायला लागली तेव्हा धावाधाव केली. दोन बोटं काढावी लागली.

अगं, त्याआधी सहा वर्षं ती दर महिन्याला न चुकता दवाखान्यात जात होती. बोटाला सुई टोचायची, केसपेपरवर आकडा लिहायचा, गोळ्या पिशवीत टाकायच्या, घरी. सहा वर्षांत तिला कुणी "चप्पल काढा, पाय बघू" म्हटलं नाही. बाहेर रांग दारापर्यंत, आत डॉक्टर एकटे. पण आपलं काय? दर सणाला आपण तिच्या पाया पडत होतो. एकदाही तळवा उलटून पाहिला नाही. हे मला अजून टोचतं.

आपल्या घरात दुखणं हीच आजाराची खूण. दुखत नाही तोवर बाई उभी, कामाला लागलेली. साखरेच्या आजारात मात्र हा हिशेब उलटा पडतो. वाढलेली साखर आधी बारीक रक्तवाहिन्या आणि नसा पोखरते. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, पायाच्या नसा, सगळं त्या बारीक वाहिन्यांवर जगतं. पायात दुखतंय हे सांगायचं काम ज्या नसेचं, तीच बधिर होते. म्हणून "त्रास नाही" यावर विसंबून राहू नकोस.

तू म्हणशील, मला तर आत्ताच निघालीय. बाळा, निघाली आत्ता, पण सुरू कधी झाली? ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नव्यानं निदान झालेले पाच हजारांहून जास्त रुग्ण घेतले होते. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना डोळे, पाय किंवा इतर कुठे तरी इजा निदानाच्या वेळीच झालेली होती. आणि तुझं आठव. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात ते गोड पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, साखर जास्त आली होती. बाळंतपणानंतर पुन्हा तपासायचं ते राहून गेलं. ज्यांची गरोदरपणात साखर वाढते त्यांना पुढे हा आजार होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

"मी कुठे जाडी आहे?" हेही डोक्यातून काढ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या खेड्यांतल्या मायलेकरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आपली माणसं दिसायला सडपातळ, पण अंगात चरबी जास्त, हे त्यांनी दाखवून दिलं. आशाताई टेप घेऊन कंबर मोजायला येते ना, ती त्यासाठीच. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. तिला दारातून परत पाठवू नकोस.

आता दवाखान्यात काय मागायचं ते नीट ऐक. मागायचं म्हणजे भांडायचं नाही. "डॉक्टर, वर्षाच्या तपासण्या करायच्यात," एवढं म्हणायचं.

पहिलं, पाय. खुर्चीत बसलीस की आधी चप्पल काढ. १० ग्रॅमचा एक बारीक नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून विचारतात, कळतंय का. कधी नादकाटा वाजवून हाडाला लावतात, थरथर जाणवते का ते बघायला. दोन मिनिटांचं काम. पावलावरची नाडीही बघायला सांग.

दुसरं, डोळे. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नव्हे. बाहुली मोठी करायचे थेंब घालून आतला पडदा बघावा लागतो, नाहीतर खास कॅमेऱ्यानं फोटो काढतात. आरोग्य केंद्रात सोय नसेल तर चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयात जा. पडदा बिघडत असताना बराच काळ नजर साफ असते. धूसर दिसायला लागतं तोवर खूप उशीर झालेला असतो, म्हणून निदान झालं की लगेच आणि मग दरवर्षी.

तिसरं, लघवी. त्यातलं अल्ब्युमिन तपासायचं, सोबत रक्तातलं क्रिएटिनिन. एकट्या क्रिएटिनिनवर विसंबू नकोस, ते वाढायच्या आत मूत्रपिंडाचं निम्मं काम गेलेलं असू शकतं. अल्ब्युमिन त्याच्या किती तरी आधी चाहूल देतं, आणि तेव्हा औषधानं पुढची इजा लांबवता येते.

चौथं, बीपी दर खेपेला आणि तीन महिन्यांची साखर ज्याला म्हणतात ती एचबीएवनसी. सुई टोचून येतो तो त्या क्षणाचा आकडा. आदल्या रात्री कमी जेवलं की तो छान येतो आणि आपण खूश. तीन महिन्यांची साखर खरं काय ते सांगते. बहुतेकांना ती ७ च्या आत ठेवायला सांगतात. तुझं नेमकं किती हवं ते डॉक्टरांना विचार.

घरी करायचं ते तर फुकटच. दिवेलागणीला दोन मिनिटं बैस. कुंकवाचा आरसा तळव्याखाली धर, बोटांच्या बेचक्या बघ. दिसत नसेल तर लेकीला बघायला सांग. अनवाणी शेतात नको, अंगणात नको, घरातही नको. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा आहे का बघ. जोडवी रुतत असतील तर काढून ठेव, सौभाग्य जोडव्यात अडकलेलं नाही. कुरूप ब्लेडनं कापू नकोस. पाय गार पडले म्हणून गरम पिशवीनं शेकू नकोस, बधिर पायाला चटका कळत नाही. पाणी कोपरानं तपासून मग पायावर घे. भेगांना खोबरेल लाव, पण बोटांच्या मध्ये नको. आणि जखम कितीही लहान असो, चुना-हळद न भरता दुसऱ्या दिवशी दाखव.

आता बायकांनी बायकांनाच सांगावं असं एक. खाली खाज सुटते, पांढरं जातं, लघवीला आग होते, हे वाढलेल्या साखरेमुळेही होतं. औषधानं बरं होतं. पुरुष डॉक्टर आहेत म्हणून गप्प बसू नकोस, सिस्टरांना सांग. आणखी एक. साखरेच्या माणसाला हृदयाचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. अचानक घाम फुटला, दम लागला, मळमळायला लागलं तर पित्त म्हणून सोडा पिऊन आडवी होऊ नकोस, लगेच कुणाला तरी घेऊन नीघ.

उपवासाचं सांगू? देव रागावत नाही. गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिलीस आणि हात थरथरले, घाम आला, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पी, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघ. आणि साबुदाणा-बटाटा हलका समजून ताट भरून खाल्लंस तर साखर वर जाणारच. सोमवार धरण्याआधी गोळीचं काय करायचं ते विचार.

घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. त्याच ब्रिटनच्या अभ्यासात एका गटाची तीन महिन्यांची साखर सरासरी ७.९ होती, दुसऱ्याची ७. फरक एवढासाच. पण दुसऱ्या गटात डोळे-मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांचे आजार एक चतुर्थांशानं कमी झाले. म्हणजे थोडं जमलं तरी त्याचं फळ मिळतं. एखाद्या लग्नात जिलबी खाल्लीस म्हणून सगळं बुडालं असं समजून गोळी सोडू नकोस. आणि बरं वाटतं म्हणून तर मुळीच सोडू नकोस.

आई आता रोज संध्याकाळी पाय माझ्या मांडीवर ठेवते. पहिल्यांदा किती अवघडली होती, "थोरल्या माणसाचे पाय असे मांडीवर घेतात का!" म्हणत होती. आता मला उशीर झाला तर स्वतःच हाक मारते.

पुढच्या खेपेला दवाखान्यात गेलीस की चप्पल काढ आणि मग मला फोन कर. भाऊबीजेला येशील तेव्हा नेहमीसारखी माझ्या पाया पडशील. पडून झालं की लगेच उठू नकोस, तिथंच बैस. मी तुझे तळवे बघणार आहे.